मुक्कामाची गाडी

"तिथं जाऊन करायचं काय?" उज्वलाने विचारलं.

"बसायचं," दीपक म्हणाला.

"ते इथं बसतोच आहोत."

सातपूरच्या त्या रो-हाउसमध्ये दोघं खरोखरच बसलेली असत. तो दिवाणावर, ती खुर्चीवर, आणि मध्ये टीव्ही. तीन वर्षांपूर्वी मुलीचं, आरोहीचं, लग्न होऊन ती बंगळुरूला गेली आणि घरातलं बोलणंही तिच्या सामानाबरोबर गेलं. भांडण वगैरे काही नव्हतं. भांडायलाही काहीतरी विषय लागतो. उज्वलाचा सगळा संसार आता 'बरं' या एका शब्दावर चालला होता. दूध संपलंय, बरं. उद्यापासून थर्ड शिफ्ट आहे, बरं. छातीत जरा दुखल्यासारखं होतंय, बरं, गॅसची गोळी घ्या.

अशात दीपकने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. एक नवरा-बायको गाडीतच घर करून जंगलात जातात, गाडीतच चहा करतात आणि दार उघडं टाकून समोरच्या दरीकडे बघत हसतात. कशाला हसतात ते व्हिडिओत सांगितलं नव्हतं. पण दीपकला वाटलं, आपण सुरगाण्याकडच्या पठारावर असंच जावं. साग-सादड्याचं दाट रान आहे, नोव्हेंबरात धुकं असतं. तिथे टीव्ही नाही, म्हणजे नाइलाजाने तरी आपण बोलू.

असली गाडी नाशकात कुणाकडे मिळते याची त्याने चौकशी केली, तेव्हा आयटीआयमधला जुना मित्र गोरक्ष स्वतःच पुढे आला. "माझ्याकडेच आहे की! झकास कॅम्पर बनवलाय. पहिला मान तुझा."

कॅम्पर हिरव्या रंगाचा होता. दीपक बघायला गेला तेव्हा ती गोरक्षच्या दारात उभी होती. तिच्यावर सकाळचं ऊन पडलं आणि हिरव्या रंगाखालून जुनी अक्षरं हळूहळू वर आली. दीपकने मान तिरकी करून वाचलं.

"गोरक्ष, इथे 'वैकुंठरथ' लिहिलंय."

"लिहिलं होतं," गोरक्षने दुरुस्ती केली. "एका ट्रस्टने नवी गाडी घेतली, जुनी लिलावात काढली. इंजिन बघ, नव्यासारखं. कधी तिसऱ्या गिअरच्या वर गेलेलीच नाही."

"अरे पण, मेलेल्या माणसांची गाडी!"

"एसटीत बसतोस ना? तीत बसून गेलेली किती माणसं आज हयात आहेत?" गोरक्ष म्हणाला. "आणि कुणी वाचलंच तर सांगायचं, रिसॉर्टचं नाव आहे. वैकुंठ रिसॉर्ट."

आतली व्यवस्था मात्र खरंच चांगली होती. खिडक्यांना डोंगर छापलेले पडदे, मच्छरदाणी, शेगडीसाठी फळी, छताला रंगीत दिव्यांची माळ. बाजूला सरकतं दार नव्याने बसवलं होतं. आणि बेड तर रुळांवर होता. मागचं दार उघडून ओढला की निम्मा बाहेर येई. "झोपून चांदणं बघता येतं," गोरक्ष म्हणाला. हे रूळ मुळात कशासाठी होते ते दीपकने विचारलं नाही.

उज्वलाला गाडीबद्दल त्याने अर्धंच सांगितलं. ती 'बरं' म्हणाली. गाडी यायच्या आदल्या संध्याकाळी त्याने पुन्हा पठाराचा विषय काढला, तेव्हा ती "येते" एवढंच म्हणून पंचवटीत बहिणीकडे राहायला गेली. किती दिवसांसाठी ते बोलली नाही, त्यानेही विचारलं नाही. तो थर्ड शिफ्टला गेला.

सकाळी तो कामावरून आला तेव्हा गोरक्ष गाडी घेऊन दारात हजर होता. बेडला अडकवायचा खटका सैल झाला होता. "लेथवर नवीन करून आणतो, हा आलोच," म्हणून गोरक्ष दीपकची मोटरसायकल घेऊन एमआयडीसीत गेला. दीपकला घरात जावंसं वाटेना. रिकाम्या घराचं कुलूप आपणच उघडायचं, यापेक्षा गाडीत टेकावं असं त्याला वाटलं. बेड आपल्याला पुरतो की नाही तेही कळेल. सरकत्या दारापाशी चपला काढून तो आत आडवा झाला. कंपनीत प्रेस मशीनच्या आवाजासाठी कानात घालायचे बोळे काढायचे राहून गेले होते, त्यामुळे कॉलनी अगदी शांत वाटत होती. पाठ टेकली आणि त्याला गाढ झोप लागली.

रस्ता थोडा उताराचा होता. खटका सैल होता. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. बेड आपल्या जुन्या सवयीने हळूच बाहेर आला आणि दीपकचे दोन्ही पाय रस्त्यावर दिसू लागले.

समोरच्या भागीबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी आधी पाय पाहिले, मग गाडी पाहिली, मग ऊन तिरपं होतं म्हणून अक्षरंही वाचली. सूप खाली ठेवून त्या जवळ गेल्या आणि अंगठ्याला हात लावून बघितला. दीपकचे पाय जन्मापासून गार. त्यात नोव्हेंबर.

"अगं बाई! दीपकभाऊ गेले की!"

"कुठं?" वरच्या गॅलरीतून कुणीतरी विचारलं.

"कुठं काय विचारतीस? वर!"

माणसं जमली. कॉलनीचे अध्यक्ष किशोर पवार आले. असल्या वेळी काय करायचं असतं हे त्यांना पाठ होतं. त्यांनी घरून पांढरी चादर मागवून दीपकच्या अंगावर डोक्यापासून घातली. "घरची माणसं येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही," असं बजावून ते फोनला लागले. कॉलनीच्या ग्रुपवर बातमी टाकली. उज्वलाचा फोन लागायला बराच वेळ गेला; लागला तेव्हा 'जरा बरं नाहीये, लगेच या' एवढंच सांगितलं. गाडी दवाखान्यातून परस्पर आली असणार, हे सगळ्यांनी धरूनच टाकलं. कुणी म्हणालं हार्ट, कुणी म्हणालं कंपनीत प्रेसवर काहीतरी झालं. भागीबाई म्हणाल्या, "मनाला लावून घेतलं त्यांनी. बायको काल बॅग घेऊन गेली, मी बघितली ना." हे कारण बाकीच्यांपेक्षा सरस ठरलं.

थोड्या वेळाने फर्स्ट शिफ्टमधली पाच-सहा मुलं सुटी टाकून मोटरसायकलींवर आली आणि झेंडूचा मोठा हार चादरीवर ठेवून बाजूला उभी राहिली. शेजारणींनी रिवाजाप्रमाणे पिठलं-भाकरी करायला घेतली. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही.

आणि मग निफाडहून जयराम आला.

जयराम दीपकचा थोरला भाऊ. आरोहीच्या लग्नपत्रिकेत त्याचं नाव तिच्या मामाच्या खाली छापलं गेलं होतं. छापणाऱ्याची चूक. पण तेव्हापासून जयरामने या घराची पायरी चढली नव्हती. आता तो द्राक्षांची फवारणी अर्धी टाकून तसाच पिकअपमध्ये बसून आला होता. हाताला औषधाचा निळा डाग होता. गाडीपर्यंत जायची त्याची हिंमत झाली नाही. तो घराच्या पायरीवर बसला आणि मोठ्याने रडायला लागला.

"दीप्या, एकदा फोन तरी करायचास रे! मी उचलला नसता, पण करायचास तरी!"

त्या आवाजाने मात्र दीपक जागा झाला. बोळ्यांमधूनही काहीतरी हंबरल्यासारखं ऐकू येत होतं. तोंडावर चादर होती आणि छातीवर हार. त्याला वाटलं, गोरक्ष परत आला, त्याने गाडीची पूजा केली आणि आपल्याला झोपेतून उठवायला नको म्हणून पांघरूण घातलं. भला माणूस. त्याने हार काढून पडद्याच्या हुकाला अडकवला, सरकतं दार उघडून चपला घातल्या आणि खाली उतरला. ते दार कंपाउंडच्या भिंतीकडे होतं आणि सगळी गर्दी पलीकडे पायरीकडे तोंड करून उभी होती. कुणाचं लक्ष गेलं नाही.

समोर एवढी माणसं जमली होती. कॉलनीत कुणीतरी गेलं, आणि आपण झोपलो होतो. तो हात जोडून गर्दीच्या मागे जाऊन उभा राहिला. शेजारी एक अनोळखी माणूस होता. तो जयरामच्या पिकअपचा ड्रायव्हर.

कानातला एक बोळा काढत दीपकने हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

"आमच्या अण्णांचा धाकटा भाऊ. दीपक नाव व्हतं."

"अरेरे," दीपक म्हणाला. मग त्याने जरा विचार केला. "कोणता दीपक?"

"हाच, या घरातला. लय गरीब माणूस व्हता म्हणत्यात. कामाचा नव्हता, पण गरीब."

पुढे होऊन सांगावं तर पायरीवर जयराम रडत होता. ज्या भावाने तीन वर्षं तोंड बघितलं नाही, तो सगळ्यांदेखत सांगत होता की लहानपणी हा माझ्या वाटणीची गुरं राखायचा, माझ्या वाटचा मार खायचा. दीपकबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं. मध्येच थांबवायचं त्याच्या जिवावर आलं. एवढं वाक्य संपलं की पुढे होऊ, असं म्हणत तो थांबला. वाक्य संपलं आणि तेवढ्यात रिक्षा आली.

उज्वला उतरली. तिने गाडी पाहिली, चादर पाहिली, जयरामला पाहिलं. दोघी-तिघी तिला धरायला धावल्या, पण ती पडली नाही. चालत आली आणि जयरामच्या शेजारी पायरीवर बसली. बॅग मांडीवर तशीच.

"रड बाई, रड," भागीबाई म्हणाल्या. "मोकळी हो."

उज्वला रडली नाही. बराच वेळ ती बॅगेच्या चेनशी चाळा करत राहिली. सगळे वाट बघत होते. दीपकही वाट बघत होता.

"परवा मी भाजीत मीठ घातलं नव्हतं," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "विसरले नव्हते. मुद्दाम नव्हतं घातलं. म्हटलं, आता तरी काही बोलतात का बघू. यांनी गुपचूप खाल्ली. ताट घासायला टाकून उठले."

जयरामचं रडणं थांबलं.

"होतं थोडं," गर्दीच्या मागून आवाज आला.

उज्वलाने मान वर केली. "काय?"

"मीठ. थोडं होतं. अगदीच नव्हतं असं नाही."

पुढे जे झालं त्याचं वर्णन प्रत्येक जण वेगळं करतो. भागीबाई किंचाळल्या यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. ड्रायव्हर दीपकच्या शेजारून जो पळाला तो थेट पिकअपमध्ये जाऊन काच लावून बसला. जयराम उठला, गर्दीतून वाट काढत आला, त्याने दीपकला दोन्ही खांद्यांना धरून हलवून बघितलं आणि एक थोबाडीत दिली.

"लाज नाही वाटत? फवारणी सोडून आलोय मी!"

मग त्याने दीपकला मिठी मारली. पण तोवर त्याच्या लक्षात आलं होतं की आपण सगळ्यांसमोर याने आपली गुरं राखल्याचं सांगून बसलो, म्हणून मिठीही जरा रागातच होती.

किशोर पवारांना ग्रुपवरची बातमी पुसता येईना. वेळ निघून गेली होती, आणि खाली लोकांची हात जोडलेली चित्रं येतच होती. "भाऊ, आता तुम्हीच एक मेसेज टाका," ते दीपकला म्हणाले. "माझ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही." कंपनीतली मुलं एकमेकांकडे बघत होती. सुपरवायझरला आता काय सांगायचं? एक म्हातारे गृहस्थ दीपकच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चांगलं झालं. खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं." दीपकने मान हलवली. वाढलेलं आयुष्य कुठे ठेवायचं हे त्यांना विचारावंसं त्याला वाटलं.

उज्वला उठून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"दुसऱ्या कानातलं काढा," ती म्हणाली.

त्याने दुसरा बोळा काढला. मग ती बोलू लागली. हे काय सोंग, ही काय गाडी, झोपायला घर नव्हतं का इथपासून सुरुवात झाली. तिथून ती आरोहीला स्टेशनवर सोडून आलो त्या दिवसावर गेली. त्या दिवशी घरी येऊन तुम्ही टीव्ही लावलात, आधी टीव्ही लावलात, हे तिने दोनदा सांगितलं. तीन वर्षांचं सगळं 'बरं' तिने भर रस्त्यात परत घेतलं. कॉलनी सभेला उभी राहावी तशी उभी होती. दीपक खाली मान घालून ऐकत होता आणि मध्येमध्ये "हो" म्हणत होता.

तेवढ्यात गोरक्ष नवा खटका घेऊन आला. गर्दी, किशोर पवार, पायरीवर बायका एवढंच त्याला दिसलं. मोटरसायकल स्टँडला न लावता तशीच सोडून तो ओरडला, "अरे देवा! मी खटका आणायला गेलो तेवढ्यात कसं काय झालं रे हे!" त्याला शांत करायला आणखी थोडा वेळ गेला.

पिठलं-भाकरी तयार होती. "आता केलंय तर खा," भागीबाई जराशा रागानेच म्हणाल्या. जयराम नको नको म्हणत आत आला आणि भावाच्या घरी जेवायला बसला. पहिला घास त्याने तोंडात घातला असेल नसेल, दारात मागच्या गल्लीतला ललित येऊन उभा राहिला.

ललित मालेगावकडचा. कॉलनीत येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. कुठल्याशा वर्कशॉपमध्ये कामाला होता आणि आई चिमणाबाईबरोबर भाड्याच्या एका खोलीत राहत होता. चिमणाबाईंना अहिराणीशिवाय बोलता येत नसे, त्यामुळे त्यांच्याशी कोणी फारसं बोललेलं नव्हतं.

"माफ करा, जेवताय," ललित म्हणाला. "ती गाडी तुम्हाला आता लागणार नसेल, तर... माय सकाळी गेली."

कुणाला आधी कळलंच नाही.

"सकाळी?" किशोर पवार म्हणाले. "अरे, मग सांगायचं नाही का?"

"आलो होतो सांगायला. तुमच्याकडं इथं आधीच..." तो थांबला. "गावाकडून भाऊबंद यायला संध्याकाळ होईल. गाडीसाठी फोन करतोय तर ती दुसरीकडे गेलेली. गल्लीत कोणीच नव्हतं. सगळे इकडं होते."

जयरामने घास खाली ठेवला. दीपकने हात धुतले. सगळी गर्दी, जी सकाळपासून रडायला जमली होती आणि जिला रडायला कुणी मिळालं नव्हतं, ती उठून मागच्या गल्लीत गेली.

उज्वला आणि भागीबाई आत गेल्या. चिमणाबाईंना आंघोळ घातली. उज्वलाने त्यांचे केस विंचरून दिले. दीपकने गाडीतली शेगडी काढली, मच्छरदाणी काढली. कंपनीतल्या एका मुलाने हुकावरचा हार हातात घेऊन विचारलं, "काका, हा चालेल? तुमच्या अंगावरचा आहे."

"मी कुठे वापरला?" दीपक म्हणाला.

डोंगरांचे पडदे काढायचे राहूनच गेले. संध्याकाळी भाऊबंद आले, गाडी निघाली आणि धक्क्याने कुठलं तरी बटण दाबलं गेलं. छताला लावलेली रंगीत दिव्यांची माळ लागली. लाल, हिरवी, पिवळी. गोरक्षला बटण सापडेना. तो घामाघूम झाला. "राहू दे," ललित म्हणाला. "मायला आवडलं असतं. गावाला जत्रेत असे असतात."

अमरधामला इतकी माणसं होती की दुसऱ्या एका अंत्यविधीला आलेले लोक विचारू लागले, बाई कुठल्या पुढारी होत्या का. किशोर पवारांनी चार शब्द बोलायला सुरुवात केली आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला या बाईंबद्दल काहीच माहीत नाही. ते थांबले आणि म्हणाले, "आपण त्यांच्याशी बोलायला पाहिजे होतं." एवढंच बोलून ते बाजूला झाले. त्या दिवशी त्यांनी कधी नव्हे ते इतकं छोटं भाषण केलं.

परत येऊन आंघोळी झाल्या. जयराम निफाडला गेला. जाताना "येत जा" म्हणाला नाही, पण राहिलेल्या भाकऱ्या फडक्यात बांधून घेऊन गेला. गोरक्षची गाडी त्यानंतर कॅम्पर झाली नाही. दुसऱ्याच आठवड्यात त्याने हिरवा रंग घासून काढला आणि खालची अक्षरं नव्याने रंगवून घेतली.

त्या रात्री दीपक दिवाणावर बसला होता, उज्वला खुर्चीवर. टीव्ही लावायला त्याचा हात गेला नाही.

"म्हणजे पठाराचं राहिलंच," तो म्हणाला.

"एसटी जात नाही का तिकडं?"

जात होती. पुढच्या साप्ताहिक सुटीला दोघं जुन्या सीबीएस स्टँडवर सुरगाण्याकडच्या सकाळच्या गाडीत बसली. डबा, थर्मास, एक सतरंजी. गाडीत भाजीच्या रिकाम्या पाट्या घेऊन घरी निघालेल्या बायका होत्या. थंडी होती, बाहेर सगळं राखाडी होतं, आणि दीपकच्या खिडकीची काच बंद होत नव्हती. उज्वला गेली दहा मिनिटं त्याबद्दलच बोलत होती. बसायच्या आधी खिडकी बघायची असते, एवढंही कळत नाही का, असं तिचं म्हणणं होतं.

कंडक्टर आला. "कुठपर्यंत?"

"शेवटपर्यंत," उज्वला म्हणाली. "एक फुल, एक बायकांचं हाफ."

"शेवटपर्यंत नाय जात बाई गाडी. रस्ता खचलाय. घाट चढून वर सोडतो, तिथनं पुढं पायी. चालंल का?"

दीपकने उज्वलाकडे पाहिलं. ती पर्समध्ये सुटे पैसे शोधत होती.

"चालू की," ती म्हणाली.